न पाठवलेला कोड
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की गुलमंडीतल्या आमच्या बँकेत येणारे एक चाचा मला आठवतात. ते कापडाच्या दुकानात कामाला होते आणि तो वास त्यांच्या अंगावरच्या सदऱ्याला कायम असायचा. त्यांचा मुलगा आखातात वेल्डर होता. तिथं कामावरच तो गेला आणि त्याला तिथंच दफन केलं. त्याचा राहिलेला पगार पाठवण्यासाठी कंपनीनं बँकेचा स्विफ्ट कोड मागितला होता. परदेशातून पैसे नेमक्या बँकेत पोचायला तो लागतो. मी तो चाचांच्या मोबाईलवर मेसेजमध्ये लिहून दिला आणि म्हणाले, ‘आता नुसता पाठवा.’ काही दिवसांनी ते पुन्हा काउंटरवर आले. मेसेज तसाच पडून होता. ‘चाचा, पाठवला नाही अजून?’ ‘नाय बेटी. हा मेसेज गेला की पोराचा तिथला हिसाब बंद व्हईल. मग तिकडून कुणाचा फोन यायचा नाय. त्याला माती द्यायलाबी मी नव्हतो.’ त्यांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला. ‘तूच पाठव. माझा अंगठा चालत नाय.’ त्यांनी दोन्ही हात पसरून डोळे मिटले. त्यांची दुआ होईपर्यंत मी थांबले आणि मग बटण दाबलं. आता माझाच मुलगा परदेशात असतो. ‘पैसे पोचले का?’ एवढंच विचारायला तो फोन करतो, आणि मी उगाच काहीबाही विचारत त्याला बोलतं ठेवते.