उलटी फेरी

ती मिसिंगची केस आजही आठवली की मला एकटीलाच हसू येतं. कुठल्या ठाण्याच्या डायरीत तिची नोंद सापडायची नाही, कारण ती घडली व्हिएन्नात आणि मी तेव्हा फौजदारकीतून निवृत्त झाले होते. जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षबागायतदारांची परदेश सहल निघाली, भावाने माझीही जागा धरली. बस बाहेर उभी करायची आणि जुनं गाव पायी बघायचं. दगडी फरशीचे बोळ, खिडक्यांत फुलं, घोड्यांच्या बग्ग्या; काय बघू आणि काय नको असं झालं होतं बाई.

मधोमध मोठं चर्च. ते बघून बाहेर आलो तर निमगाव साव्याचे अण्णा दिसेनात. पासपोर्ट गाईडकडे, मराठीशिवाय भाषा नाही, आणि थोड्याच वेळात बस विमानतळाला निघणार. अण्णांच्या मंडळी, सहलीत सगळ्यांच्याच काकू, माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुमी पोलिसातल्या. त्यांला हुडकून आना."

शेवटी कोणासोबत होते, हा पहिला प्रश्न. तर त्यांच्या अवसरीच्या व्याह्यांसोबत. व्याही स्वतःच्या बुटांकडे बघून बोलायला लागले. असा माणूस काहीतरी दडवत असतो. मी त्यांना बाजूला घेतलं.

"खरं काय ते सांगा, पावणं."

"आईस्क्रीम घ्याया गेलतो," ते हळूच म्हणाले. "मला शुगर हाय, आमच्या हिला बोलू नका. अण्णाला चर्चात आतच म्हनलं, दारात थांबा."

"कुठल्या दारात?"

"त्येच तर. आत शिरलो ते एक, निघालो ते दुसरंच."

मग सगळे चर्चभोवती शोधत फिरलो. पुन्हा फिरलो. अण्णा नाहीत. कोपऱ्यावर एक बग्गीवाला उभा होता. मी हाताने डोक्यावर गांधी टोपी करून दाखवली. तो हसला, त्याने हवेत बोट गोल फिरवलं. मग आमच्याकडे बोट केलं आणि परत तसंच गोल फिरवलं.

खबर पक्की होती. देवळाची सवय, म्हणून चर्च उजव्या हाताला ठेवून आम्ही चाललो होतो. अण्णाही आम्हाला शोधत तसेच चालले असणार. सगळ्यांची एकामागे एक प्रदक्षिणा चालली होती.

"उलटं फिरायचं," मी म्हटलं.

काकू जागच्या हलेनात. "देवाला उलटी फेरी घालत्यात व्हय?"

"पाप माझ्या नावावर. चला."

पहिल्याच कोपऱ्यावर अण्णा समोरून आले, घामाघूम, आणि आल्या आल्या आमच्यावरच तापले. "कुठं व्हता तुमी समदी? मगापासनं हुडकतोय."

"आमी हरवलो व्हतो," काकू म्हणाल्या.

"मंग आता हात सोडू नगंस," म्हणत अण्णांनी त्यांचा हात धरला.

गावात अण्णा कायम काकूंच्या पुढे चालायचे. त्या दिवशी भर रस्त्यातून बसपर्यंत दोघं हातात हात घालून गेली आणि मागून व्याह्यांनी खुशाल टिंगल केली तरी हात सुटला नाही.

नोकरीभर मी हरवलेल्यांच्या मागे धावले. हरवलेला माणूसही आपल्याला तितकाच जीव तोडून शोधत फिरत असतो, हे मला त्या परक्या गावात कळलं. म्हणून त्याच्या मागून धावू नये, समोरून जावं.