विनाशिकेवरचे गराडेदादा

बॉयलर हाऊसमध्ये शिरण्याआधी गराडेदादांना नाव सांगावं लागे. साहेब असो की झाडूवाला, ते दारातच अडवायचे. "आत कोन कोन हाय, ते मला ठावं पायजे." चिंचवडच्या आमच्या कारखान्यात मी तेव्हा नवा फिटर होतो. मला हसू यायचं.

दादा मूळचे मावळातले, पण बारा वर्षं नौदलाच्या एका विनाशिकेवर बॉयलर सांभाळून आलेले. डबा खाताना तिच्याबद्दल सांगायचे. "विलायतेत बांधलेली. आपल्याकडं आली तवा चकचकीत व्हती. वादळात सापडलेले कोळी आमी तिच्यावर घेतले. आता म्हातारी झालीया, नवी पोरं शिकत्यात म्हनं तिच्यावर." एकाहत्तरच्या लढाईपाशी आले की मात्र डबा बंद करून उठायचे.

पुढे ती विनाशिका मोडीत निघाल्याचं पत्र त्यांच्या जुन्या सोबत्यानं पाठवलं. खाली एक ओळ होती : लढाईत गेलेल्या पवारची बायको तुला भेटायला येतेय.  त्यानंतर आठ दिवस वाफेच्या दाबाचा काटासुद्धा दादा माझ्याकडून पुन्हा वाचून घेत.

"रविवारी माझ्याजवळ बस, राव," ते म्हणाले. "एकट्याला न्हाई जमायचं."

संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या खोलीत पवारबाई आल्या. चहाला हात लावला नाही. "मला एवढंच कळलं, की ते जागच्या जागी गेले. खरं काय ते सांगा."

दादांनी आपलाही कप खाली ठेवला. "वाफेचा नळ फुटला. वरून हुकूम आला, बॉयलरच्या खोलीचं झाकण लावा, न्हाईतर बोट जाईल. पवार खालीच व्हता, मला ठावं व्हतं. झाकण मी लावलं, वहिनी."

"ते काही बोलले?"

"ठोकत व्हता."

"किती वेळ?"

दादा उठून दाराशी जाऊन उभे राहिले.  बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माझा मुलगा नौदलात लागलाय. बॉयलरवरच. तुम्हाला भेटायचं म्हणतो. त्याला यातलं काही सांगू नका."

दिवाळीच्या रजेत तो आला. मीही तिथे होतो. बापासारखाच दिसत असावा, कारण त्याला बघताच दादांनी दाराची चौकट धरली. मग तासभर बोटीवरच्या गमती सांगत राहिले. निघताना मुलगा नमस्काराला वाकला.

दादांनी पाय मागे घेतले.