एका हेडर फाइलमागचं नाव

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या बसस्टँडवर होतो. तिचे वडील निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. एवढंच बोलले, "गेली रे पोरगी... ताप डोक्यात गेला." महिना उलटलाय. रडून झालं, राग मात्र उतरत नाही.

परभणीच्या कॉलेजपासूनची आमची मैत्री, पुढे नोकरीही एकाच कंपनीत. ती पेडगावच्या घरातून काम करायची, कर्नलवर, म्हणजे यंत्राच्या अगदी पोटातल्या प्रोग्रामवर. आमच्या काही यंत्रांत उष्णता मोजणारा सेन्सर होता, काहींत नव्हता. म्हणून आधीच्यांनी जिथं तिथं, फंक्शनच्या मधोमध #ifdef च्या, म्हणजे 'हा भाग असेल तरच' अशा अटी घुसडलेल्या. एका यंत्रासाठी काही दुरुस्त करावं, तर दुसऱ्यासाठी कोड कंपाइलच होईना, यंत्राला चालेल असा तयारच होईना. "दर चार ओळींना 'हाय का न्हाई' कशाला इचारायलेत रे हे?" ती वैतागून म्हणाली. "एकदाच हेडरमधी ठरवा की!" आणि तिनं हेडरमध्ये, म्हणजे बाकीच्या फाइली जी आधी वाचून घेतात त्या सामायिक फाइलीत, तसंच केलं. सेन्सर असेल तर हेडरमध्ये खऱ्या फंक्शनची घोषणा. नसेल तर त्याच नावाचं, काहीच न करणारं रिकामं इनलाइन, म्हणजे तिथंच लिहून टाकलेलं फंक्शन. बाकीच्या फाइलींतल्या अटी गेल्या, कोड सरळ वाचता येऊ लागला, दोन्ही यंत्रांसाठी बिनतक्रार कंपाइल होऊ लागला. दोन महिने खपली होती त्यासाठी.

तो बदल कोडमध्ये नोंदला जाऊन बाहेर गेला, तो आमच्या साहेबांच्या नावानं. तिनं मीटिंगमध्ये सरळ विचारलं. साहेब हसले. "त्यात नवीन काय केलंस? झाडलोटच तर आहे. तुम्हा लोकांना ती जमतेच." सगळे गप्प. मीसुद्धा. नंतर ती फोनवर एवढंच म्हणाली, "तू तरी बोलायचं होतंस..."

कंपनीच्या ऑनलाइन शोकसभेत तेच साहेब 'गुणी मुलगी' म्हणून गळा काढू लागले, तेव्हा मी बोललो. "सर, ते काम तिचं होतं." माझा माइक बंद करण्यात आला. लेखी तक्रार केली, तर उत्तर आलं: कोडच्या इतिहासात एकदा नोंदलेलं नाव मागे जाऊन बदलता येत नाही. चोरताना मात्र कुठलीच अडचण आली नव्हती!

गेल्या रविवारी पेडगावला गेलो. कोड आधी कागदावर लिहायची तिची सवय. टेबलावर वही तशीच उघडी होती, गुरुजींनी पान मिटू दिलेलं नाही. त्यांनी त्या न कळणाऱ्या ओळींवरून हळूच बोट फिरवलं.

"यातलं तिचं कोणतं रे?"

"सगळं, गुरुजी," मी म्हणालो. "सगळं तिचंच हाय."