मास्तरांची पॅंट आणि अठ्ठावीसचा आकडा

बुधवार, ४ मार्च. हवा कोरडी. सकाळी चादरी धुतल्या. भाऊचा महिन्याचा रिपोर्ट आला. बायकार्बोनेट अठ्ठावीस! पाच महिन्यांत सतरावरून अठ्ठावीस. चष्म्याची काडी तुटली, दोऱ्याने बांधली.

ताईंनी आपल्या रोजच्या वहीत अठ्ठावीसखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि राहवेना म्हणून आणखी एक ओढली. शाळेत नन चांगल्या मार्कांखाली अशाच दोन रेघा ओढायच्या. आकडा जेवढा मोठा तेवढं चांगलं, हे तेव्हापासून त्यांच्या अंगात मुरलेलं.

भाऊ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, साऱ्या गल्लीचे शिंपीमास्तर. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायचे, दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवता शिवता स्वतःचं राहूनच गेलं. ताईंचे यजमान गेले तेव्हा ते शिवणयंत्र, दोन कात्र्या आणि इस्त्री घेऊन बहिणीकडे आले, ते कायमचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत. हात सुयांत अडकलेला, पण जीभ मोकळी. नर्सच्या गणवेशाचा डावा खांदा उतरलाय हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर्षभरात वॉर्डातले निम्मे खांदे सरळ करून दिले.

ऑक्टोबरात डॉक्टरीणबाईंनी ताईंना बाजूला घेतलं. आपण खातो त्यातून रोज थोडं आम्ल तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मास्तरांची टाकत नाहीत. मशीन बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यासारखा क्षार, रक्तात सोडून ते आम्ल मारतं, पण मधल्या दिवसांत पुन्हा साठतं. आकडा सतरावर आलाय. असाच राहिला तर हाडं आणि स्नायू झिजतात, आणि अशी माणसं कमी जगतात, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

 यजमानांच्या वेळी ताईंच्या हातात काहीच नव्हतं. इथे निदान एक आकडा होता.

मग त्या हात धुऊन त्या आकड्याच्या मागे लागल्या. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या सोड्याच्या गोळ्या घड्याळ लावून. मास्तर एखादी विसरले तर दुसऱ्या वेळी दोन. कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं की आम्ल जास्त होतं ते अंडी, मासे, डाळी यांतून. झालं, अंडी बंद, मासे बंद, डाळ चमचाभर. हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, कारण आकडा चढत होता. अभ्यास चांगला चाललेला असताना बाईंना कोण विचारतं?

मास्तर ताटाकडे बघून विचारायचे, ताई, वाढलंयस की वाढायचं आहे? पुढे पुढे त्यांची भूकच मेली आणि थट्टाही थांबली. ताईंना वाटलं, शहाणा झाला.

शुक्रवारी ताई वही घेऊन डायलिसिसला गेल्या, शाबासकी घ्यायला. डॉक्टरीणबाईंनी अठ्ठावीस वाचलं आणि मास्तरांकडे निरखून पाहिलं. तेवढ्यात सुया लावायला आलेली नर्स म्हणाली, “मास्तर, जरा उभे राहा बरं.” खांदे सरळ करून घेता घेता तिचीही नजर तयार झाली होती. तिने त्यांच्या पॅंटचा कमरपट्टा मागून उलटा केला. आत कापडाची जाड घडी होती.

“किती वेळा आत घेतलीत?”

मास्तर चोरी पकडलेल्या मुलासारखे खाली बघत होते. “तीनदा.”

“आणि मला बोलला नाहीस?” ताई म्हणाल्या.

“ढगळ पॅंट घालून फिरणारा शिंपी बघितलायस कुठे? लोक कापड आणायचे बंद होतील.”

शिवण इतकी सफाईदार होती की एका घरात राहून ताईंना पत्ता लागला नव्हता. वजनकाट्यालाही नाही, कारण अंगावरचं मांस गेलं होतं आणि त्या जागी पाणी भरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माणूस जेवतच नाही, तर आम्ल होणार कशातून? वरून गोळ्यांचा मारा. “फार खाली वाईट, तसं फार वरही वाईट. अठ्ठावीसवर उपाशी बसण्यापेक्षा बावीसवर पोटभर जेवा. मला तेच हवंय.”

ताईंनी कपाळाला हात लावला.  घरी आल्यावर दारात कुलूप उघडताना त्यांनी एवढंच विचारलं, “आतलं कापड कापलंस का रे?”

“छे. पुन्हा लागणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय शिंपी कापड कापत नाही, ताई.”

ताईंना कुलूप दिसेनासं झालं. शेवटी मास्तरांनीच उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच, आणि अंडी परत आली. पहिले आठ दिवस मास्तर अर्धं अंडं चिवडत बसायचे. मग एक, मग दोन, आणि एप्रिलअखेरीस मासा कुठाय म्हणून चौकशी. ताटावरची थट्टा परत आली तेव्हा ताई मुद्दाम रागावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन हसल्या.

दहा जूनचा रिपोर्ट आला: बावीस. जुन्या सवयीने ताईंनी आकडा पुन्हा पुन्हा वाचला. पण नर्सने बोट खालच्या ओळीवर नेलं. रक्तातलं प्रोटीन वाढलं होतं. डॉक्टरीणबाई लांबूनच अंगठा दाखवत होत्या. खुर्चीतून मास्तर म्हणाले, “आकडे राहू देत. आज सकाळी पॅंटची एक शिवण उसवली, ते लिही.”

त्या संध्याकाळी शिवणयंत्र खडखडत होतं. ताईंनी वहीत बावीस लिहिलं, त्याखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, आणि पुढच्या ओळीवर लिहिलं: अंडी संपली. उद्या दीड डझन आणायची.