बोलावलं आणि बोलावणं धाडलं

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात मिरचीच्या बियाण्याच्या शेडनेटमध्ये अनवरीबाईसारखा हात दुसरा नव्हता. संध्याकाळी बंद कळी अलगद उघडून आतला नराचा भाग काढायचा, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला खुणेचा लाल दोरा बांधायचा. नख लागलं की कळी गेलीच. अनवरीबाईच्या हातून ती क्वचितच जायची. राधाकिसनच्या शेडनेटवर तिनं नऊ हंगाम काढले. गल्लीतल्या बारा-पंधरा बाया तिच्याच भरवशावर तिथं यायच्या.

दहाव्या हंगामात बियाणं घेणाऱ्या कंपनीनं बी नापास केलं. भेसळ निघाली. राधाकिसननं सगळ्या बायांसमोर आवाज चढवला, "कळ्या साफ न करताच दोरे बांधले तुम्ही! डोळे झाकून इश्वास ठेवला, त्याचं हे फळ."

अनवरीबाईनं चिमटा आणि परागाची डबी बांधावर ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती चालू लागली. मागोमाग बायाही निघाल्या.

दिवाळीत खरं काय ते गावाला कळलं. ओढ्याकडची जाळी फाटलेली होती आणि मधमाश्यांनी शेजारच्या मिरचीचा पराग आत आणला होता. राधाकिसनलाही ते कळलं, पण तो काही बोलला नाही. अनवरीबाई पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाही. दोन वर्षं तिनं आडतीवर वाळल्या मिरचीचे देठ खुडले. हातांची आग भाकरी थापतानाही जायची नाही.

यंदा पोळा झाला आणि राधाकिसनची बायको सत्यशीला दारात आली.

"अनवरीबाई, नव्या बाया कळ्या मोडून राह्यल्या. तुम्ही आल्या तर प्लॉट वाचंल."

"भाऊ काय म्हणले?"

"त्येंनीच धाडलं मला."

"मंग भाऊलाच येऊ द्या, वहिनी. ज्या तोंडानं बोलले, त्याच तोंडानं बोलवावं."

सत्यशीला चहा पिऊन गेली. आत सून महजबीन म्हणाली, "अम्मी, जाव ना. बुलाए तो सही."

"बुलाए नहीं, बुलवाए," अनवरीबाई म्हणाली.

शेजारची गोजरबाई तिच्या मागोमाग शेडनेट सोडून आडतीवर आलेली; ती रोज विचारायची, "जायचं का न्हाई, एकदाचं सांग. आडतीवरच्या ह्या ठसक्यानं छाती भरून येती माही. पण तुझ्याबिगर कसं जावं?" अनवरीबाई म्हणायची, "दोन दिस थांब." आणि रोज संध्याकाळी तांदूळ निवडायचं निमित्त काढून दारात बसायची. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तिची मान आपोआप वर व्हायची. आपण वाट पाहतोय हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही.

नवव्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. कुणाला न सांगता ती शेताकडे निघाली.

शेडनेटचे पडदे वर गुंडाळलेले होते. आत पांढरी फुलं उघडी पडली होती आणि त्यांवर मधमाश्या घोंगावत होत्या. राधाकिसन ठिबकच्या नळ्या गोळा करत होता. तिला पाहताच तो उठला.

"अनवरीबाई, माही चूक व्हती. जाळी फाटली व्हती. त्याच दिवाळीला कळलं व्हतं मला."

इतक्या सहज बोलला तो.

"मंग आले का न्हाई, भाऊ?"

"आल्तो. ह्या आठ दिसांत दोनदा आल्तो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपर्यंत. तुम्ही दारातच बसेल व्हत्या. पुढं पाय उचलला न्हाई."

"आणि प्लॉट?"

"कालच कंपनीला न्हाई म्हणलो. कळ्या फुलून गेल्या. आता हिरवी मिरची म्हणून बाजारात जाईल."

एक शेवटची बंद कळी दिसली, तशी तिनं सवयीनं चिमटीत धरली आणि तशीच सोडून दिली. पुढच्या हंगामाचं ना त्यानं काढलं, ना तिनं.

परतल्यावर तिनं गोजरबाईला सगळं सांगितलं. "उशीर माह्यामुळं झाला," म्हणाली.

गोजरबाई मग म्हणाली, "तुला त्येचं तोंड पाह्यजे व्हतं, बाई. आम्हाला तर नुसता निरोपबी पुरला असता."

अनवरीबाईनं खाली पाहिलं. गोजरबाई खोकत खोकत आपल्या घराकडे गेली.