कापडावरचं मांजर

आमचा मामा शिंपी. आयुष्यभर त्यानं लोकांची मापं घेतली, पण स्वतःचं माप कुणाला घेऊ दिलं नाही. कंपवाताचं निदान झालं तेव्हासुद्धा, हाताला जरा कंटाळा आलाय, एवढंच म्हणाला.

गोळ्यांनी हात थांबला आणि बाकीचं सगळं सुरू झालं. सकाळी मळमळ. दुपारी गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून उभ्या उभ्या डुलकी. दहाची गोळी घेतली की साडेदहा ते साडेबारा हात शहाण्यासारखा वागायचा. कापडं बेतायची ती तेवढ्या वेळात. शिलाई मी, म्हणजे त्याची भाची, करायची आणि काजं-बटणं मामी.

मग मांजर आलं. नेमकं कापडावर बसणारं, आणि मुळात नसलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, नसलेलं दिसायला लागलं तर लगेच सांगा, गोळी कमी करावी लागेल. गोळी कमी म्हणजे कंप परत, आणि कंप परत म्हणजे कात्री कायमची कपाटात. मामानं तोंडाला कुलूप लावलं. मला आणि मामीलाही शपथ घातली. मला ते अजिबात पटलं नव्हतं, पण त्याच्यापुढे बोलायची माझी काय प्राज्ञा!

त्याची युक्ती सोपी होती. मांजराकडे लक्षच द्यायचं नाही. त्याच्या पोटातून खडूची रेघ ओढायची आणि खुशाल कात्री चालवायची. एक वीतभर कापड वाया गेलं नाही.

अशात मामाच्या मुलीला, आमच्या ताईला, नोकरी लागली. तिचा कोट मामाच बेतणार होता. त्यावर दुसऱ्या कुणाची कात्री चालू द्यायची त्याची तयारी नव्हती. ताई माप द्यायला आली. मामानं ऐटीत कापड पसरलं.

"बाबा, आधी ते मांजर हाकल."

मामानं मानही वर केली नाही. "कुठलं मांजर?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मांजर या वेळी खरं होतं. शेजारच्या बेकरीतला काळा बोका, शेपटी कात्रीपासून चार बोटांवर. मामीच्या हातातलं बटण खाली पडलं. ताईनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आमच्या चेहऱ्यांवरूनच तिला सगळं कळलं.

ती रडायलाच लागली. किती दिवस लपवलंस, म्हणून विचारत राहिली.

"तुझा कोट होईपर्यंतच लपवणार होतो," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळी कमी झाली आणि नसलेलं मांजर हळूहळू यायचं थांबलं. हात आता पाऊण तासच ऐकतो, त्यामुळे कोट बेतायला एका सकाळऐवजी तीन सकाळी लागल्या. पण बेतला मामानंच.

बोका मात्र रोज येतो. मामा कात्री खाली ठेवतो आणि मामीकडे बघतो.

"आहे," मामी म्हणते.

मगच तो त्याला हाकलतो.