डॉक्टर सूप द्या म्हणाले

लग्न होऊन हिर्डोशीहून भोरला आले, त्याच वर्षी आत्याबाई तापानं पडल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्यात सासूला असंच म्हणतात. मालक पुण्याला कामाला होते, महिन्याकाठी एकदा यायचे. घरात आम्ही तिघंच, मामंजी, आत्याबाई आणि मी. मला नुकतं सोळावं सरलं होतं. माहेरी मी नाचणीच्या भाकरी थापायची, भात शिजवायची. सासरी चूल आत्याबाईंच्या हातात. मी निवडायचं, चिरायचं, वाटायचं. मीठ कधी आणि किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ताप उतरेना, तेव्हा मामंजींनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. मी दाराआड उभी होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “मुदतीचा ताप आहे. जड काही पोटात जाऊ द्यायचं नाही. मुगाची डाळ, दुधी, गाजर, जे मिळेल त्याचं सूप द्या. दुसरं काही नको.”

मामंजींनी मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग आत येऊन मला म्हणाले, “सूनबाई, नवं सूप हाय का घरात?”

घरात दोन सुपं होती. एक पाखडून पाखडून झिजलेलं, दुसरं कोरं. कोरं काढून दिलं.

“ह्यात मुगाची डाळ घाल, दुधी, गाजरं ठेव. दान सांगितलंय डाक्टरनं.”

“डाक्टर दान सांगत्यात व्हय, मामंजी?”

“मला काय ठावं? सूप द्या म्हनला. कुनाला द्याचं त्ये बोललाच न्हाई.”

लग्नात, अधिक महिन्यात सुपाचं वाण देतात, ते मी पाहिलं होतं. पण तापाच्या माणसापायी देतात हे कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, शहरगावची रीत वेगळी असेल. हळदकुंकू वाहायचं का, तेही कळेना, वाहून टाकलं. शेवटी मामंजी म्हणाले, दारात जो पहिला येईल त्याला देऊ.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या चाची. परसातल्या कुडापलीकडं त्यांचं घर होतं. नवरा महाबळेश्वरला साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता, आता म्हातारपणी घरीच असायचा. त्या आत्याबाईंची चौकशी करायला आल्या आणि मामंजींनी ते भरलेलं सूप त्यांच्या हातात दिलं. चाची सुपाकडं बघत बघतच ते घेऊन गेल्या.

दुसरं काही नको असं सांगितलेलं, म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी आत्याबाईंना आम्ही नुसतं पाणी पाजलं. त्या कण्हत म्हणायच्या, “घोटभर पेज तरी दी गं.” मी मामंजींकडं बघायची, मामंजी माझ्याकडं. द्यावी तर डॉक्टरांचं मोडतंय, न द्यावी तर डोळ्यांदेखत माणूस सुकतंय. मी दोनदा तांदूळ धुवायला घेतले आणि दोनदा ठेवून दिले.

दुपारी चाचींनी कुडापाशी येऊन हाक मारली. हातात तेच सूप, जसंच्या तसं.

“सूनबाई, आमच्यात कुनी आजारी न्हाई. ह्ये कशापायी दिलं?”

मी डॉक्टरांचं बोलणं जसं ऐकलं तसं सांगितलं. चाचींनी डोक्याला हात लावला. “अगं, त्ये सूप ह्ये न्हवं. त्ये प्याचं असतंय!”

मी सुपाकडं बघितलं. बांबूचं विणलेलं सूप, ते प्यायचं? चाची उन्हात डोकं फिरल्यासारखं बोलतायत असं वाटलं. मग त्यांनी समजावलं. साहेब लोक जेवणाआधी एक पातळ कालवण पितात, त्याला सूप म्हणतात, आणि त्यांच्या नवऱ्यानं ते वर्षानुवर्षं केलंय. आत्याबाईंना दीड दिवस उगाच उपाशी ठेवलं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि मला रडू फुटलं.

“रडू नगंस. चूल पेटीव.”

त्या काळी मुसलमानाच्या घरचं पाणी आमच्यात चालत नव्हतं. चाचींनी आमच्या चुलीपाशी येणं तर लांबच. म्हणून मी परसातली, अंघोळीचं पाणी तापवायची चूल पेटवली. त्या पलीकडून सांगायच्या, मी अलीकडं करायची. मूठभर मूगडाळ धुतली. मसुराची असेल तर चिमूटभर तीही टाक म्हणाल्या. दुधी, गाजर, भोपळ्याची फोड, एक कांदा. त्यांनी आतून एक टमाटं आणून दाखवलं आणि कुडावरनं माझ्या ओच्यात टाकलं. आमच्या घरात टमाटं कुणी खात नसे. घालू का नको करत मी ते दोनदा हातातनं खाली ठेवलं.

“घाल, घाल. मरत न्हाई कुनी.”

सगळं मऊ शिजलं. रवीनं घोटलं. मी तेल काढायला उठले तर चाची ओरडल्या, “फोडनी न्हाई!”

“मग मिरची?”

“मिरची बी न्हाई. दोन मिरं ठेचून टाक. आन् आता फडक्यातनं गाळ.”

तेवढ्यात त्यांच्या नवऱ्यानं हाक मारली आणि त्या आत गेल्या. मी धोतराच्या धुतलेल्या फडक्यातनं गाळलं. पातेल्यात पिवळसर पाणी उतरलं आणि फडक्यात डाळ-भाज्यांचा गोळा राहिला. आता यातलं सूप कोणतं, खालचं का वरचं? एवढी डाळ, एवढी भाजी टाकून आजारी माणसाला नुसतं पाणी द्यायचं? मी एका हातात फडकं, एका हातात पातेलं घेऊन उभी. चाची परत येईनात. शेवटी प्यायचं म्हणाल्या होत्या ते आठवलं, म्हणून पाणी वाटीत ओतलं. गोळा मामंजींना भाकरीबरोबर वाढला. त्यांनी तो ठेच्याशी खाल्ला.

आत्याबाईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्ये भांडं इसळल्यालं पानी हाय का?”

“सूप हाय, आत्याबाई.”

“फोडनी इसरलीस?”

“फोडनी न्हाई द्याची त्याला.”

“कुनी सांगितलं?”

“डाक्टरनं.”

“डाक्टरनं तुला चुलीपाशी बसून सांगितलं व्हय?”

खोटं बोलले तर सापडणार, खरं बोलले तर वाटी भिंतीवर जाईल असं वाटत होतं. मी मान खाली घालून सांगून टाकलं, चाचींनी सांगितलं आणि टमाटंही त्यांचंच. आत्याबाईंचे तापानं लाल झालेले डोळे माझ्यावर. रागावल्यात, का ग्लानी आलीय, का रडू येतंय, त्या चेहऱ्यावरनं काहीच लागेना. मग त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या. “उद्या तिला इचार, किती घालत्यात त्ये.”

मी विचारलं. चाची म्हणाल्या, अंदाजानं. अंदाज म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं नाही. कधी खारट झालं, कधी पाणचट. आत्याबाई रोज नाव ठेवायच्या आणि रोज वाटी रिकामी करायच्या. मी बरं करतेय का वाईट, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मामंजींना विचारलं, “सूप देताय ना?” मामंजी नुसतं “व्हय जी” म्हणाले आणि माझ्याकडं बघायचं त्यांनी टाळलं.

तीन आठवड्यांनी ताप सुटला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी चूल पेटवत होते, तर आत्याबाई भिंतीला धरून उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यापाशी न थांबता परसात गेल्या. चाचींना हाक मारलेली ऐकू आली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मधूनच हसायच्या. कशाला ते आतपर्यंत पोचत नव्हतं. चूल चांगली धरली होती, आधणही आलं होतं. पण आता आत्याबाई उठल्या म्हटल्यावर स्वयंपाक त्यांनी करायचा का मी, आणि भात टाकायचा का सूप, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी हातात डाळीची वाटी घेऊन तशीच बसून राहिले.